वारुळाला मुकादम नसतो

[दृश्य: नान्नजचं माळरान, एप्रिलमधली दुपार]

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठी राखलेलं गवताळ रान. पारा चाळिशीच्या पुढे. तापलेल्या मुरमावरून एक वावटळ उठते, पाचोळा उचलते आणि बांधावरून पलीकडे जाते. तिला कुणी घडवलेलं नाही. तापलेली हवा वर चढते, भोवतालची आत ओढली जाते, तेवढ्यावर ती उभी. पण झाडीत शिरली की विरते आणि पुन्हा उभं राहण्यासाठी काहीही करत नाही.

आता हे वारूळ बघा. नागपंचमीला बायका याची पूजा करतात, नागोबाचं घर म्हणून. खरं तर नागोबा इथे पोटभाडेकरू. घर बांधलं ते वाळवीनं.

[दृश्य: वारुळाला पडलेलं भगदाड, अगदी जवळून]

भगदाड पडलं की आतली दमट हवा निसटते, बाहेरची झुळूक शिरते. लगेच कामकरी वाळव्या तिथे जमतात. आंधळ्या असतात त्या. प्रत्येकीच्या तोंडात ओल्या मातीची गोळी; भुसभुशीत नाही आणि चिखलही नाही, बरोबर चिकटेल इतकीच ओली. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये सांगितलं की वाळवीला पुढचं काम सांगतं ते आधी झालेलं काम. एकीनं गोळी ठेवली की दुसरी तिथेच ठेवण्याचा संभव वाढतो. ही खूण नेमकी कसली, गंधाची, ओलीची की मातीच्या बाकदारपणाची, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. राणी आत असते, पण हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते.

[दृश्य: वारुळाचा उभा छेद, रेखाचित्र]

आत बुरशीची शेती, लाखो जिवांचा श्वास, त्यातून साचणारा कार्बन डायऑक्साइड. तो बाहेर कसा पडतो? आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस ओबेसस जातीच्या वारुळांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा बाहेरच्या अंगाचे पोकळ कंगोरे आधी तापतात, हवा त्यांतून वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री कंगोरे लवकर निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. पंखा नाही, मोटार नाही. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक हेच इंधन.

वावटळ आणि वारूळ, दोन्ही आपोआप घडतात. पण वारूळ मोडलं की दुरुस्तीला लागतं. भगदाड कुठेही पाडा, माती तिथेच येते. ‘हेतू’ हा शब्द मी वापरेन तो इथे, वावटळीसाठी नाही.

[दृश्य: वाफेच्या इंजिनाचा गव्हर्नर, फिरणारे दोन गोळे]

सोलापूरच्या जुन्या कापडगिरण्या वाफेवर चालायच्या. वाफेच्या इंजिनावर असा गव्हर्नर बसवण्याची सुरुवात जेम्स वॅटनं १७८८ मध्ये केली. इंजिन पळायला लागलं की गोळे बाहेर फेकले जातात, वाफेची झडप आवळते, वेग उतरतो. चूक झाल्याची खबर मिळते आणि त्याच खबरीतून चूक सुधारते. वारुळातही हेच घडतं. फक्त गिरणीत वेग किती ठेवायचा हे इंजिनवाल्यानं ठरवलेलं असायचं.

वारुळात ते कुणी ठरवलं? ज्या वसाहतींतल्या वाळव्या झुळकेला दाद देत नव्हत्या, त्यांची बुरशी सुकली, पिल्लं मेली. ज्यांच्या देत होत्या, त्यांच्याच पंखवाल्या वाळव्या पहिल्या पावसानंतर उडाल्या आणि नवी वारुळं झाली. पिढ्यानपिढ्या हीच चाळणी चालली. आज भगदाडाशी माती लावणारी वाळवी जन्मतः तशीच वागते, आपण काय राखतोय याचा तिला पत्ताही नसताना.