पाना नंतर, आधी टेप

हे पुढचं डावं चाक बघा. टायर आणि मडगार्डमधली मागची फट उजव्या बाजूपेक्षा कमी दिसतेय. दुभाजकाला धक्का तसा हलकाच बसला होता. बंपरला ओरखडे, रिमला पोचा, बस. पण त्या दिवसापासून आमची मारुती ८०० डावीकडे खेचायला लागली.

बाबांनी जपलेली गाडी आहे ही. पाना उचलण्याआधी मी टेप घेतला.

या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमध्ये अंतर असतं २१७५ मिलिमीटर. स्टिअरिंग सरळ ठेवून मोजलं. उजवीकडे बरोबर, डावीकडे ११ मिलिमीटर कमी. चाक मागे सरकलंय. पण नेमकं काय वाकलंय? लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा, की आर्म जिथे बसतो तो बॉडीचा भाग? ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच तिची चासी. आर्म घरी बदलता येतो. बॉडी वाकली असेल, तर ती गॅरेजमधल्या मापाच्या बेंचवर ओढूनच सरळ करावी लागते. तिथे आपण हात लावायचा नाही.

म्हणून गवंड्याचा ओळंबा आणला. बॉडीच्या तळाला पुढची दोन आणि मागची दोन, डावी-उजवीकडे सारखी असणारी भोकं निवडली. प्रत्येकातून ओळंबा सोडला, टोकाखाली फरशीवर खडूची खूण केली. मग गाडी ढकलून बाजूला घेतली आणि खुणांमधली अंतरं मोजली. दोन्ही बाजू जुळल्या. दोन्ही कर्णही जुळले! इतकं हायसं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हणजे बॉडी सरळ होती. पुढचं काम आर्मचं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा. जुना आर्म नव्याशेजारी ठेवल्यावर त्याचा बाक स्पष्ट दिसला. असा आर्म तापवून, ठोकून सरळ करून देणारे भेटतात. ठोकलेला लोखंडी भाग पुढे कुठे तडकेल सांगता येत नाही, आणि अख्खं चाक त्यानेच धरलेलं असतं. नवाच घ्या. नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिनही नवी.

आर्म बॉडीला जिथे जोडतो तिथल्या रबरी बुशचा बोल्ट गाडी उचललेली असताना पूर्ण आवळू नका. चाक लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. वजन चाकांवर आलं, की मगच शेवटचा पीळ द्या.

शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग मी उघडली नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

पुन्हा टेप लावला. डावीकडे २१७४. टायरचा टो, म्हणजे पुढची चाकं किंचित आत-बाहेर वळलेली असतात ते माप, तेवढा राहिला होता. तो अलाइनमेंटच्या मशिनवर लावून घेतला, तिथवर गाडी अगदी हळू नेली.