तिनं मागितली होती फक्त बदली

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. आधीच सांगते, हा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्यातला नाही. मागच्या हिवाळ्यात जळगावला एका मैत्रिणीकडे आम्ही सहा-सात जणी जमलो होतो. खरा बेत भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा होता, सिनेमा आपला तोंडी लावायला. पण तो संपल्यावर बराच वेळ कुणी बोललंच नाही, आणि बोलायला लागल्यावर जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही.

सिनेमाचं नाव 'द नाइट पोर्टर'. १९७४ सालचा, इटलीच्या लिलियाना कावानी या बाईंनी केलेला. गोष्ट घडते १९५७ सालच्या व्हिएन्ना शहरात. मॅक्स हा एका हॉटेलात रात्रपाळीला असतो. वागायला मोठा अदबशीर. पण युद्धाच्या काळात हाच माणूस हिटलरच्या एसएस दलाचा अधिकारी होता, छळछावणीतल्या कैद्यांचं जगणं-मरणं त्याच्या मर्जीवर. एके दिवशी हॉटेलात एका अमेरिकन वाद्यवृंद-संचालकाची बायको उतरते, लूसिया. ती त्याच छावणीतली कैदी. दोघांची नजरानजर होते.

आपल्याला वाटतं, आता ही पोलिसांकडे जाईल, नाहीतर पळून तरी जाईल. ती जात नाही. नवरा पुढच्या गावाला जातो, ही मागे राहते, आणि मॅक्सच्या खोलीत दोघांचं छावणीतलं ते जुनंच नातं पुन्हा सुरू होतं. पायात साखळीसुद्धा येते. मॅक्सचे जुने साथीदार बाहेर टपून असतात, कारण लूसिया म्हणजे जिवंत साक्षीदार. ते दोघांचं अन्न तोडतात. शेवटी उपाशीपोटी दोघं बाहेर पडतात. त्यानं अंगावर जुना गणवेश चढवलेला, तिनं लहान मुलीसारखा झगा. एका पुलावर दोघांना गोळ्या घालतात.

आमच्यातली एक म्हणाली, "काही म्हणा, प्रेमच होतं ते." दुसरी उसळली, "एवढ्या लोकांच्या मरणावर असला सिनेमा काढायला लाज कशी वाटली नाही त्या बाईला?" हे दोन्ही पक्ष फक्त आमचेच नाहीत बरं का, पन्नास वर्षांपूर्वी तिकडच्या समीक्षकांतही असेच तट पडले होते.

मला मात्र त्यातला एकच प्रसंग सोडत नाही. छावणीतल्या दिवसांत लूसिया अधिकाऱ्यांपुढे नाचते, डोक्यावर त्यांचीच टोपी घालून. सिनेमाच्या पोस्टरवर हेच चित्र गाजलं. नाच संपतो आणि मॅक्स तिच्यासमोर एक खोका ठेवतो. आत एका कैद्याचं मुंडकं. तो कैदी तिला त्रास द्यायचा. तिनं मॅक्सला एवढंच म्हटलं होतं, की त्याची बदली दुसरीकडे करा.

तिनं मागितली होती फक्त बदली.

ही हकीकत आपल्याला मॅक्स स्वतः सांगतो, एका ओळखीच्या बाईला, आणि तीही बायबलातल्या गोष्टीचा साज चढवून. त्याच्या लेखी ती प्रेमाची भेट. पण त्या मुलीच्या जागी बसून बघा. आजवर ती नुसती कैदी होती. आता एका माणसाच्या मरणात तिचा शब्द मिसळला. आपल्या बोलण्यात एवढं बळ आहे असं तिला क्षणभर वाटलं असेल का? बळ तिचं नव्हतंच. तिच्या शब्दाचा अर्थ काय लावायचा, तेही तोच ठरवत होता. अशी भेट मिळालेली बाई सुटून घरी गेली तरी हे कुणाला सांगणार? तिला ओळखणारा, तिचं सगळं माहीत असलेला माणूस जगात एकच उरतो, आणि तो तिला कोंडणारा. माझ्या मते ती मागे राहते ती इथं. याला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तक्रार माझीही आहे. कॅमेरा नाचावर रेंगाळतो आणि खोक्यावरून लवकर निघतो. लोकांच्या लक्षात टोपी राहिली, बदली विसरली.

कावानींनी हे हवेतून आणलेलं नाही. आधी त्यांनी दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केले होते, तेव्हा छावणीतून वाचलेल्या बायांशी त्या बोलल्या. त्यातली एक दर सुट्टीला डाखाउला, म्हणजे जिथं तिला कोंडलं होतं तिथंच, जायची.

सिनेमा येण्याच्या आदल्या वर्षी, १९७३ च्या ऑगस्टमध्ये, स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोरानं चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. त्यातली एक तरुणी, क्रिस्टिन एनमार्क, हिनं थेट पंतप्रधानांना फोनवर सांगितलं की मला भीती दरोडेखोरांची नाही, पोलिसांची वाटते. झालं! पोलिसांना सल्ला देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञानं तिच्या वागण्याला रोगाचं नाव देऊन टाकलं. पुढे तेच 'स्टॉकहोम सिंड्रोम' म्हणून रूढ झालं, म्हणजे कोंडणाऱ्याचाच लळा लागणं. बंदूक घेतलेली माणसं आत आणि बाहेरही असताना तिनं आपला हिशोब केला होता, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. नाव ठेवलं की चौकशी संपते.

हिंदीत 'हायवे' आला २०१४ साली. त्यात पळवून नेलेल्या मुलीला ट्रकमध्ये मोकळं वाटतं, कारण लहानपणी तिच्यावर अत्याचार झाला तो स्वतःच्या घरात. तो सिनेमा मला निम्माच पटतो, पण त्यानं घराकडे बोट दाखवलं हे खरं. आपल्याकडे सासरहून अंगावर वळ घेऊन आलेल्या लेकीला म्हणतातच की, "मारस, पन जीव बी लावस!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर ही समजूत.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे म्हणून एक घरची गोष्ट सांगते. छावणीशी तिची तुलना नाही, तशी करूही नये. आमच्याकडे एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, होता. आखाजीला साल संपायचं, दुसरे शेतकरी जास्त पैसे द्यायला तयार असायचे, पण हा तेरा वर्षं हलला नाही. माझे वडील ओट्यावर बसून अभिमानानं सांगायचे, "मला सोडून तो जायचा नाही." त्याच्या अंगावर आमची उचल होती, ती दरवर्षी थोडी वाढायची, हे ते त्याच दमात सांगत नसत. आम्हा पोरांना तर ते प्रेमच वाटायचं. तोही म्हणायचा, बापू माझे मायबाप.

चौदाव्या वर्षी त्याचा मुलगा सुरतेला कामाला लागला आणि त्यानं सगळी उचल फेडली. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सालदार गेला. वडिलांनी आठवडाभर त्याचं नाव घेतलं नाही.

पुढच्या आखाजीला तो आला. त्याच्या पुढच्याही. ओट्याखाली टेकायचा, आईनं दिलेला चहा घ्यायचा, मग गोठ्यात जाऊन उभा राहायचा. त्याची बैलजोडी तोवर विकली गेली होती. रिकाम्या दावणीजवळ तो बराच वेळ उभा असायचा, आणि वडील घरात असूनही बाहेर येत नसत.

नमस्कार.