कपिलेश्वर तलावाच्या काठावरच्या गल्ल्या

नमस्कार मंडळी, बेळगावातल्या, शहापूर-वडगाव-अनगोळच्या आणि तिकडं खानापूर-निपाणीकडनं ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. श्रावण चालू आहे, सोमवारी कपिलेश्वराला पहाटेपासनं रांग लागते ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण दर्शन झालं की आपण चपला घालतो आणि सरळ उड्डाणपुलाकडं वळतो, आजूबाजूच्या गल्ल्यांत फार कुणी शिरत नाही. तहसीलदार गल्ली, भांदूर गल्ली, फुलबाग गल्ली, एका अंगाला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या अंगाला तलावाचं पाणी. आज मला या गल्ल्यांबद्दल आणि तिथल्या माणसांच्या हातातल्या कलेबद्दल बोलायचंय.

आपल्या गावच्या दोन मोठ्या मिरवणुका, शिवजयंतीची आणि गणपती विसर्जनाची, दोन्ही रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक, शनिमंदिर करत करत शेवटी इथंच येतात. म्हणजे गावभर जे काही सजतं, वाजतं, नाचतं ते सगळं या काठावर येऊन थांबतं, आणि काठावरची माणसं ते लहानपणापासनं रात्र रात्र जागून बघत आलीत, त्यामुळं त्यांची नजर तयार झालेली असते हो, कुठल्या मंडळाचा देखावा मनापासनं केलाय आणि कुठला नुसता पैसे घालून उभा केलाय ते इथली आज्जीसुद्धा लगेच सांगते.

शिवजयंतीचं बघा. बाकी ठिकाणी 19 फेब्रुवारीला होते, आपल्याकडं तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि मग चित्ररथ निघतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं चित्ररथ म्हणजे ट्रॉलीवर पुतळे असतील, पण आपल्याकडं जिवंत माणसं असतात! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दरबार, तट, बुरूज, आणि त्यावर गल्लीतलीच पोरं, कुणी महाराज, कुणी मावळा, कुणी जिजाऊ. थोडं पुढं सरकायचं, थांबायचं, प्रसंग करायचा, परत पुढं, असं पहाटेपर्यंत. दिवसभर उद्यमबागेत फाउंड्रीत राबलेला माणूस, यंत्रमागावरचा माणूस, कॉलेजची पोरगी, सगळी रात्री जेवून तालमीला येतात. घरी मराठी बोलणारी असतात तशी कन्नड बोलणारीही असतात, तालमीत कुणी कुणाला विचारत नाही. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, 1843 चा त्यांचा जन्म, आणि कुमार गंधर्व सुळेभावीचे. एवढ्या मोठ्या माणसांची नावं आपण अभिमानानं घेतो मग गल्लीत आज जी पोरं उभी राहून प्रसंग करतात त्यांच्यापुढं दोन मिनिटं शांत उभं राहायला काय हरकत आहे? मला खरंच वाईट वाटतं, पोरं जीव तोडून करायलेत आणि मागच्या डॉल्बीच्या दणक्यात त्यांचा एक शब्दपण ऐकू येत नाही. मंडळांनी ठरवलं तर हे बदलतं. समोरचा प्रसंग संपेपर्यंत आपला आवाज बंद ठेवायचा, एवढंच करायचंय, याला वेगळा खर्चही नाही.

आता गणपती. 1905 साली लोकमान्य टिळक बेळगावला आले आणि झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासनंची आपली परंपरा, आणि विसर्जन कपिलेश्वर तलावात, शेजारच्या जक्कीन होंडात. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी क्रेन चालूच असते. पण एक गोष्ट लक्षात घ्या, हा तलाव आहे, नदी नाही. इथलं पाणी वाहून जात नाही, जे टाकू ते तिथंच राहतं. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून तळाला जाते, पीओपी एकदा घट्ट झालं की महिनोन्महिने तसंच पडून राहतं, आणि वरचा ऑईलपेंट वेगळाच. कर्नाटकात पीओपीच्या मूर्तीवर बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी शेवटच्या आठवड्यात घाईघाईत "काय मिळेल ती द्या ओ" म्हणून माणसं घेऊन जातात.

शाडूची मूर्ती महाग का पडते, तर ती हातानं करायला वेळ लागतो, जड असते म्हणून न्यायला-आणायला जपावं लागतं, आणि बेळगावचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे, आषाढ-श्रावणात माती वाळतच नाही, आणि घाईनं वाळवायला गेलं तर तडे जातात. म्हणून मूर्तिकाराला आधी सांगावं लागतं. ज्यांनी अजून सांगितलं नाही त्यांनी आज-उद्यात सांगा. छोटी सांगा, वीतभर, घरातल्या गणपतीला तेवढी पुरते. आणि पोरांना बरोबर न्या. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, तिथं कौलांचे कारखाने, कुंभारकामाची संस्था, सगळं आपल्यापासनं तासाभराच्या आत, तरी आपल्या पोरांच्या हाताला माती लागते ती दिवाळीत किल्ला करताना तेवढीच. ते किल्ले मात्र बघण्यासारखे असतात हां! राजहंसगड करणारी पोरं आधी येळ्ळूरला जाऊन गड बघून येतात, दरवाजा कुठल्या बाजूला, तट कुठं वळतो, सगळं मोजून घेतात.

तर या श्रावणात मंडळांच्या मांडवात कामाला माणसं पाहिजेत. शिवणकाम येणाऱ्या मावश्या, अक्का, तुम्ही पोशाखाला हात लावा. रिटायर झालेल्या मास्तरांनी पोरांचे संवाद एकदा बसून वाचून घ्या, उच्चार नीट करून द्या. लाईटचं काम येणाऱ्या दादांनी वायरिंग बघा, पावसात उघड्या जॉइंटनं शॉक बसतो. ज्यांना यातलं काहीच येत नाही त्यांनी पुढच्या सोमवारी दर्शन झाल्यावर उड्डाणपुलाकडं न वळता तहसीलदार गल्लीत शिरा, जिथं बांबू पडलेले दिसतील तिथं थांबा आणि विचारा, "काय काम हाय काय ओ?" म्हणून. संध्याकाळी सातनंतर जावा, तेव्हा माणसं असतात. नमस्कार.