छातीवरचा बिल्ला आणि दप्तरातला आकडा

(दृश्य: कामाच्या कपड्यावर अडकवलेला जुना बिल्ला, अगदी जवळून)

या बिल्ल्यात फिल्मचा तुकडा असायचा. किरणोत्सर्ग लागला की फिल्म काळी पडते. जितकी काळी, तितका डोस जास्त. अमेरिकेतल्या हॅनफर्ड, ओक रिज, रॉकी फ्लॅट्सच्या अण्वस्त्र कारखान्यांत कामगार तो लावून पाळीवर जायचे. पुढे बिल्ला जमा व्हायचा आणि आकडा दप्तरात जायचा. श्वासावाटे फुप्फुसात गेलेली प्लुटोनियमची धूळ मात्र या बिल्ल्याला कळतच नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते.

(दृश्य: फाइलींचे गठ्ठे)

कामामुळे कॅन्सर झाला, या कामगारांच्या दाव्यांविरुद्ध सरकार कित्येक वर्षं लढत राहिलं. अखेर 2000 साली कायदा झाला: पात्र कामगाराला 1 लाख 50 हजार डॉलर आणि उपचारांचा खर्च. तो हयात नसेल तर भरपाई वारसांना.

पण कॅन्सरच्या गाठीवर कारण लिहिलेलं नसतं. म्हणून नायॉश ही सरकारी संस्था जुन्या नोंदींवरून डोसचा अंदाज बांधते. त्यावरून कॅन्सर कामामुळे झाल्याची शक्यता काढतात. 50 टक्के किंवा जास्त भरली तर दावा मंजूर, नाहीतर नामंजूर. अंदाजातली शंका कामगाराच्या बाजूनं धरतात, हे न्यायाचंच आहे.

(दृश्य: स्वयंपाकघरातला फोन)

डोसचा अंदाज बांधण्याआधी फोनवर मुलाखत. कुठल्या इमारतीत काम होतं? कुठला पदार्थ हाताळला? मास्क असायचा का? कामगार गेला असेल, तर हेच प्रश्न त्याच्या बायकोला. कामाबद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही, अशी सही करून तो नोकरीला लागलेला. ती बिचारी काय सांगणार?

गणिताची पद्धत जाहीर आहे, या योजनेच्या सल्लागार मंडळाच्या बैठकाही खुल्या असतात. पण आपल्या माणसाच्या नावापुढचा आकडा कसा आला, हे तिला समजलं पाहिजे. कुठल्या वर्षी खरंच मोजमाप झालं, कुठलं वर्ष सहकाऱ्यांच्या आकड्यांवरून भरलं, हे साध्या भाषेत तिच्या हातात पडायला हवं. तो तिचा हक्क आहे.

(दृश्य: कारखान्याचं बंद फाटक)

नोंदी अपुऱ्या असल्यामुळे जिथे डोस काढताच येत नाही, तिथल्या कामगारांचा विशेष गट करता येतो. मग साधारणपणे 250 दिवसांचं काम आणि यादीतल्या 22 पैकी एक कॅन्सर, एवढं पुरतं. पण एकाच पाळीतले दोघे घ्या. एकाला पित्ताशयाचा कॅन्सर, तो यादीत आहे. दुसऱ्याला प्रोस्टेटचा, तो नाही. त्या दुसऱ्याचा दावा परत गणिताकडे जातो, त्याच अपुऱ्या नोंदी घेऊन.