फेकायचा, धरून ठेवायचा नाही : मेडिसिन बॉलचा व्यायाम

श्रोतेहो, नमस्कार.

डंबेल हातातून निसटलं तर पायाचं बोट चेचतं, वर जिमवाला ओरडतो ते वेगळंच. मेडिसिन बॉलचं नेमकं उलट. हा जड चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. नाही सुटला तर अर्धाच व्यायाम झाला म्हणायचा. आजचं माझं बोलणं या सुटण्याभोवतीच असणार आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधारण बास्केटबॉलएवढा चेंडू. बाहेरून रबर किंवा चामडं, आत वाळू, चिंध्या नाहीतर नुसतंच जाड रबर. वजन एक किलोपासून दहा-बारा किलोपर्यंत. जुन्या शाळांच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत, फाटक्या जाळ्या आणि लेझमांच्या ढिगाखाली, शिवण उसवलेला असा एखादा चेंडू हमखास सापडतो. मी क्रीडाशिक्षक होतो त्या शाळेतही होता. मुलं त्याचा उपयोग बसायला करायची!

आता सुटण्याकडे येऊ. छातीवरची वजनाची दांडी वर ढकलताना शेवटच्या टप्प्यात काय होतं, याकडे कधी लक्ष दिलंय? हात सरळ व्हायला आले की शरीर आपणहून ब्रेक लावतं. लावावाच लागतो, नाहीतर सांध्याला हिसका बसेल. म्हणजे जोर लावण्याचा बराचसा भाग आपणच आपल्याला थोपवण्यात खर्ची पडतो. चेंडू फेकताना हा ब्रेक लावावा लागत नाही. हात पूर्ण सरळ होईपर्यंत वेग वाढवत न्यायचा आणि सोडून द्यायचं. जोर आणि वेग दोन्ही एकदम. भालाफेक, गोळाफेक, वेगवान गोलंदाजी करणारे खेळाडू या चेंडूच्या मागे लागतात ते यासाठी.

यात आणखी एक गंमत आहे. चेंडू पुढे फेकण्याआधी आपण तो नकळत थोडा मागे घेतो. त्या क्षणी स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणारे कंडरा ताणले जातात. लगेच उलट दिशेला फेकलं, तर त्या ताणाचा जोर फेकण्यात मिसळतो. मागे घेऊन तिथेच विचार करत उभे राहिलात, तर तो जोर विरून जातो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचो, मागे घे आणि लगेच सोड, मधे चहा प्यायला थांबू नकोस.

हा व्यायाम फक्त पैलवानांचा नाही, याचा एक मोठा दाखला अमेरिकेत आहे. हर्बर्ट हूवर 1929 साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती, अंगही सुटत चाललं होतं. त्यांचे डॉक्टर होते जोएल बून, नौदलातले. नौदलाच्या जहाजांवर मेडिसिन बॉलचा एक खेळ चालायचा. त्याच्याच धर्तीवर बून यांनी अध्यक्षांसाठी नवा खेळ बसवला. मधे आठ फूट उंचीची जाळी, सहा पौंडांचा म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासचा चेंडू, आणि गुण टेनिससारखे मोजायचे. चेंडू झेलायचा आणि झेलला त्याच जागेवरून परत जाळीपलीकडे फेकायचा. व्हाइट हाउसच्या दक्षिणेकडच्या हिरवळीवर सकाळी सातला हा खेळ सुरू व्हायचा. मंत्री, न्यायाधीश, अधिकारी असे बरोबर असायचे, म्हणून वर्तमानपत्रांनी त्या टोळक्याला ‘मेडिसिन बॉल मंत्रिमंडळ’ असं नाव दिलं. बाहेर महामंदीने कहर केलेला, बँका बुडत होत्या, आणि तरी हूवर सकाळचा हा अर्धा तास सोडत नसत. राज्यकारभाराबद्दल इतिहासाने त्यांना फारसे चांगले गुण दिलेले नाहीत. डॉक्टर मात्र हुशार होते, असं माझं मत. पन्नाशी उलटलेल्या, खुर्चीला चिकटलेल्या माणसाला त्यांनी एकट्याने पळायला लावलं नाही. चार माणसांत खेळायला लावलं. तो खेळ ‘हूवरबॉल’ या नावाने आजही खेळला जातो.

पन्नाशीवरून आठवलं. आज ऐकणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच जण असणार, आणि त्यांतले निम्मे मनात म्हणत असतील, हे काही आपलं काम नव्हे. मी म्हणतो, तुमचंच काम आहे. वय वाढतं तशी ताकद कमी होते, हे आपण जाणतो. पण ती ताकद झटकन वापरण्याची क्षमता त्याहूनही लवकर घटते. वेगाने काम करणारे स्नायूतंतू आधी बारीक होत जातात. उंबऱ्याला पाय अडखळला, तर दुसरा पाय क्षणार्धात पुढे टाकावा लागतो. तिथे तुमच्या पायात किती ताकद आहे यापेक्षा ती किती चटकन येते हे महत्त्वाचं. एसटीच्या उंच पायरीवर चढताना, मागचे ढकलत असताना, हीच गोष्ट लागते. नुसतं सावकाश चालून ही चपळाई टिकत नाही. एक किलोचा चेंडू खुर्चीत बसून समोरच्या नातवाकडे जोरात फेकला, तरी तिला थोडं काम मिळतं.

चेंडू किती वजनाचा घ्यावा? पहिल्यांदा करणाऱ्या बायकांनी एक ते दोन किलो, पुरुषांनी दोन ते तीन. हे ऐकून तरुण मुलं नाक मुरडतात. मोबाइलवर कुणीतरी दहा किलोचा चेंडू आपटताना पाहिलेला असतो ना! पण वजन इतकं वाढवलं की फेक मंदावली, तर फेकण्याचा मूळ हेतूच गेला. मग सरळ जोर-बैठका काढाव्यात, त्या फुकट आहेत आणि उत्तम आहेत.

विकत घ्यायचा नसेल तर घरीही बनतो, आमच्याकडे मुलांनी बनवले आहेत. हवा गेलेला जुना फुटबॉल घ्यायचा, शिवणीपाशी छोटी चीर द्यायची, भरायचं आणि जाड दोऱ्याने पक्कं शिवायचं. वरून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. मात्र पूर्ण वाळूने भरू नका. मोठ्या फुटबॉलमध्ये साडेपाच लिटरच्या आसपास जागा असते आणि लिटरभर कोरडी वाळू दीड किलोहून जास्त भरते. म्हणजे भरलेला चेंडू आठ-नऊ किलोंचा होणार आणि तुम्ही तो उचलून ठेवून द्याल, कायमचा. दोन किलो वाळू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून मधोमध ठेवा आणि भोवती चिंध्या ठासून भरा. वाण्याच्या काट्यावर वजन करून घ्या. असा चेंडू उसळी घेत नाही, हा त्याचा दोष नाही, गुण आहे. का, ते पुढे येईलच.

आता करायचं काय? आत्ता हातात काही घेऊ नका, नुसतं ऐका.

सुरुवात दोन्ही हातांनी छातीपासून फेकण्याने करायची. भिंतीपासून दोन-तीन पावलांवर उभे राहा. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित सैल. चेंडू छातीपाशी, बोटं त्याच्या मागे पसरलेली, कोपरं बरगड्यांजवळ. थोडा मागे घेतला, की लगेच पुढे, श्वास सोडत. जोर तळपायापासून सुरू होतो. पाय जमीन ढकलतात, मग कंबर, मग छाती आणि शेवटी बोटं. नुसत्या हातांनी फेकणाऱ्याचे खांदे दुसऱ्या दिवशी तक्रार करतात.

परत येणारा चेंडू झेलणं हा या व्यायामाचा अर्धा भाग आहे आणि याच भागाकडे लोक दुर्लक्ष करतात. स्लिपमधला चांगला क्षेत्ररक्षक चेंडू हातात येताना हात थोडे मागे घेतो, तसं करायचं. ताठ हातांनी झेललात तर बोट मुरगळेल. हात मागे घेत झेललात तर खांदे, पाठ, पोट सगळे मिळून तो भार शोषून घेतात, आणि तेच स्नायू पुढच्या फेकीसाठी ताणलेले मिळतात.

किती वेळा फेकायचं? आठ वेळा. मग मिनिटभर दम घ्यायचा. अशा दोन-तीन फेऱ्या. आकडा लक्षात राहिला नाही तर कानाने मोजा. ताजे असताना भिंतीवर चेंडू आदळतो तेव्हा खणखणीत ‘थप्’ असा आवाज येतो. दमलात की तोच आवाज बोदा होतो. आवाज पडला, थांबा. दमलेल्या अंगाने केलेल्या मंद फेकीतून वेग शिकता येत नाही. दुखणं मात्र पदरी पडू शकतं.

लवचिकतेसाठी जोडीदार हवा. नवरा-बायको, भाऊ-बहीण, शेजारी, कोणीही चालेल. पाठीला पाठ लावून वीतभर अंतर ठेवून उभे राहा. एकाने उजवीकडून वळून चेंडू द्यायचा, दुसऱ्याने आपल्या डावीकडून वळून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने परत करायचा. इथे फेकायचं नाही, सावकाश हातात द्यायचं. आणि वळताना ज्या बाजूला वळतो त्याच्या उलट पायाची टाच उचलून तो पाय फिरू द्यायचा. कमरेचे मणके स्वतःभोवती जेमतेमच फिरतात. वळण यायला हवं ते खुब्यातून आणि छातीच्या मागच्या पाठीतून. पाय जमिनीत रोवून कंबर पिळणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतर तेच लोक पट्टा बांधून फिरतानाही पाहिलेत. आठवड्याभरात पायाचे अंगठे धरता येतील असं वचन मी देत नाही. पण थोड्या भारासह सांधा पूर्ण फिरवत राहिलं, की आखडलेली पाठ हळूहळू मोकळी होते.

पायांसाठी चेंडू छातीशी धरून बैठका. जाडजूड लोकांनी मागे खुर्ची ठेवावी, खुर्चीला टेकल्यासारखं करून उठावं. खाली सावकाश, वर झटकन.

मग राहिला सगळ्यांचा लाडका प्रकार, चेंडू डोक्यावर नेऊन जमिनीवर आपटणं. याने दम लागतो, घाम फुटतो, आणि ऑफिसमधल्या साहेबांवरचा रागही निघतो, हे मला अनेकांनी खासगीत सांगितलंय. पण यासाठी उसळी न घेणाराच चेंडू हवा. रबरी चेंडू आपटला की वेगाने वर येतो आणि सरळ हनुवटीवर बसतो. दुसरं म्हणजे हा प्रकार फ्लॅटमध्ये करू नका. खालच्या मजल्यावर माणसं राहतात. मैदान, अंगण, शेताचा बांध, काहीही चालेल.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द. गोळाफेकीत मुलांना 7.260 किलोचा आणि मुलींना चार किलोचा गोळा असतो. रोज तोच गोळा फेकून फेकून बरेच जण मनगट दुखवून घेतात. आठवड्यातून दोन दिवस तीन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी पुढे, डोक्यावरून मागे, असा लांब फेका. पाय आणि कमरेतून जोर कसा वर चढतो ते यातून लवकर कळतं. गोळ्याचं तंत्र वेगळं आहे, ते गोळ्यानेच शिकायचं.

आता सावधगिरी. फेकताना श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. कमरेची गादी सरकलेली असेल, हर्निया असेल, खांदा निखळून गेलेला असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, नुकतंच कसलं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेलेले असतील, किंवा हृदयविकाराची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी वाकून पीळ देणारा कुठलाही प्रकार टाळायचा. लहान मुलांच्या हातात मोठ्यांचा चेंडू देऊ नका. एक किलोही त्यांना पुष्कळ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अशी आहे, की मोठ्या माणसांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा करावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस करावा, असंही त्यात आहे. चेंडूचा व्यायाम या दोन-तीन दिवसांत बसवा, मधे एक दिवस मोकळा सोडून. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, हात फिरवणं. मग पंधरा मिनिटं चेंडू. दुपारी जेवल्यावर लगेच नको, सकाळी किंवा संध्याकाळी बरं.

उत्साहाचं विचाराल तर पहिल्या आठवड्यात तो कमीच होईल, अंग दुखेल. बसून बसून आलेला जो शीण असतो, तो त्यानंतर हळूहळू उतरायला लागतो, असा माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांचा अनुभव आहे. ज्या दिवशी झोप झालेली नसेल त्या दिवशी मात्र चेंडूला हात लावू नका, फिरायला जा.

आणि चेंडू उन्हात टाकू नका. रबर कडक होऊन चिरतं, चामडं आकसून शिवण सुटते. वापरून झाला की ओल्या फडक्याने पुसा, सावलीत ठेवा. घरी बनवलेला असेल तर दर वेळी आधी शिवणीवरून बोट फिरवून पाहा, कारण डोक्यावर नेलेल्या चेंडूतली वाळू डोळ्यात गेली तर तो सगळा दिवस तिथेच संपतो.

नमस्कार.