पाय नसलेल्या बाहुलीचे पाय

[पडद्यावर: किमोनोतली बाहुली हळूहळू चालत रंगमंचावर येते.]

या बाईची चाल बघा. पाऊल पुढे पडतंय, किमोनोचा घोळ मागे रेंगाळतोय, आणि आता ती बसली. बसताना गुडघा कसा टेकला ते पाहिलंत?

नमस्कार मंडळी. आता मी सांगते, ही बाई चाललीच नाही. तिला पायच नाहीत, स्त्री बाहुल्यांना ते नसतातच. किमोनोच्या आत कमरेखाली सगळं पोकळ आहे. एक माणूस वाकून, ओणवा होऊन, तिच्या किमोनोचा काठ दोन्ही हातांच्या बोटांत धरून पुढेमागे करतोय. ती बसली तेव्हा जो गुडघा दिसला, ती त्या माणसाची मूठ होती, कापडाच्या आतून दाबलेली.

हे जपानचं बाहुलीनाट्य. नाव बुनराकु. आज मला तुमच्याशी मुख्यतः या ओणव्या माणसाबद्दल बोलायचंय.

आपण बाहुलीचा खेळ म्हटलं की 'कळसूत्री' म्हणतो, म्हणजे वरून दोऱ्या आल्याच. इथे वरून कुणीच काही ओढत नाही. एका बाहुलीला तीन माणसं बिलगून उभी असतात. पहिला ओमोझुकाई, म्हणजे मुख्य. त्याचा डावा हात बाहुलीच्या पाठीतून आत जातो आणि डोकं पेलतो, उजव्या हाताने तो तिचा उजवा हात चालवतो. दुसऱ्याकडे फक्त डावा हात. तोही थेट धरायचा नाही, हाताला जोडलेल्या एका दांडीने लांबून हलवायचा. आणि तिसरा आशिझुकाई. आशी म्हणजे पाय.

या कलेतली माणसं सांगतात: दहा वर्षं पाय, दहा वर्षं डावा हात. त्यानंतर डोकं हातात येणार. म्हणजे विशीत शिकायला आलेला मुलगा चाळिशीला टेकतो, तेव्हा कुठे मुख्य कलाकार म्हणून उभा राहतो. तोवर त्याचा चेहरा काळ्या टोपाखाली. कार्यक्रमपत्रिकेत बाहुलीसमोर नाव छापतात ते मुख्य कलाकाराचं. डावा हात कुणाचा होता, पाय कुणाचे होते, हे प्रेक्षकाला कळत नाही.

मग ही तिघं एका शरीरासारखी हलतात कशी? खेळ चालू असताना बोलायची सोय नाही. मुख्य कलाकार बाहुलीच्या डोक्याची किंवा खांद्याची अगदी बारीक हालचाल करतो आणि डाव्या हाताला समजतं, आता पत्र उचलायचंय. या इशाऱ्याला ते 'झू' म्हणतात. पायवाल्याला तर हेही धड दिसत नाही, तो खाली वाकलेला. त्याचा दंड मुख्य कलाकाराच्या कमरेला लागलेला असतो, आणि त्या कमरेच्या हालचालीवरून तो ओळखतो की वळायचंय, थांबायचंय की धावायचंय. बाहुलीने पाय आपटला तर आवाजही यानेच आपल्या पायाने काढायचा. दहा वर्षं दुसऱ्याच्या कमरेवरून शिकायचं! मला वाटतं, पुढे डोकं चालवायला मिळाल्यावर हेच शिक्षण कामी येत असणार.

खालच्या माणसाला जागा मिळावी म्हणून मुख्य कलाकार उंच लाकडी खडावा घालतो. त्यांच्या तळाला गवताची वीण असते, म्हणजे आवाज नको. या उंचीवर, काही बाहुल्यांच्या बाबतीत दहा किलोच्या आसपासचं वजन डाव्या हातावर तोलत तो अख्खा प्रवेश उभा असतो.

[पडद्यावर: बाहुलीचं डोकं, जवळून.]

डोकी हिनोकी नावाच्या लाकडाची. आत दोऱ्या आणि खटके असतात, त्यांनी डोळे, भुवया, तोंड हलतं. स्प्रिंग म्हणून परंपरेने देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या वापरतात. 'गाबु' नावाचं एक डोकं आहे. सुंदर तरुणी, आणि एका क्षणात तोंड कानापर्यंत फाटतं, दात बाहेर, डोक्यावर शिंगं. लहान मुलांना दाखवताना जरा जपून.

आता रंगमंचाच्या उजवीकडे बघा. तिथे दोन माणसं बसलीत, आणि ती बाहुल्यांकडे पाहतही नाहीत. एक तायू, म्हणजे कथन करणारा. दुसरा शामिसेन वाजवणारा. बाहुल्या मुक्या आहेत. म्हातारा, त्याची सून, तान्हं मूल, खलनायक आणि मधलं सगळं निवेदन, हे सगळं एकटा तायू बोलतो, गातो, रडतो. एकट्याने सगळी पात्रं उभी करणारे कीर्तनकार ज्यांनी ऐकलेत, त्यांना ही ताकद लगेच ओळखू येईल. एकेक प्रवेश तासाभराचाही असतो. आवाज पोटातून यावा म्हणून तायू पोटावर घट्ट पट्टा बांधतो आणि किमोनोच्या आत वाळूची पिशवी ठेवतो. सुरुवातीला समोरची संहिता दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावतो. खरं तर त्याला ती पाठ असते. तरीही पानं उलटत राहतो.

आणि शामिसेन म्हणजे त्याची साथ, असं समजू नका. जाड दांड्याचं हे तीन तारांचं वाद्य. एक तार छेडली की बाहेर बर्फ पडतोय की बाईच्या मनात काहीतरी तुटलंय, हे आधी शामिसेन सांगतं.

हे सगळं उभं राहिलं ओसाकामध्ये, व्यापाऱ्यांच्या शहरात. 1684 साली ताकेमोतो गिदायू या गायकाने दोतोनबोरी भागात आपलं थिएटर काढलं. त्याच्यासाठी लिहीत होता चिकामात्सु मोन्झाएमोन. 1703 मध्ये ओसाकात सोया सॉसच्या दुकानातला एक कारकून आणि एक गणिका, तोकुबेई आणि ओहात्सु, यांनी सोनेझाकीच्या रानात एकत्र जीव दिला. महिन्याभरातच चिकामात्सुने त्यावर नाटक रंगमंचावर आणलं. सोनेझाकी शिंजू. तोवर बाहुल्यांच्या नाटकात योद्धे आणि सरदार असायचे. इथे प्रेक्षकांना आपल्याच गल्लीतला नोकर माणूस नायक म्हणून दिसला. नाटक इतकं चाललं की कर्जात बुडालेलं थिएटर वर आलं. पुढे अशा आत्महत्यांचं पेवच फुटलं, तेव्हा 1723 मध्ये सरकारने या विषयावरच्या नाटकांवर बंदी घातली.

गंमत अशी की त्या पहिल्या प्रयोगात ओहात्सुची बाहुली एकच माणूस चालवत होता. तीन माणसांची पद्धत आली 1734 मध्ये, चिकामात्सु गेल्यानंतर नऊ वर्षांनी. आणि 'बुनराकु' हे नाव त्याहून बरंच नंतरचं, उएमुरा बुनराकुकेन या आवाजी बेटावरून आलेल्या माणसाच्या थिएटरवरून पडलेलं.

या कलेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे घराणं लागत नाही. काबुकीत, म्हणजे जपानच्या नटांच्या पारंपरिक नाटकात, मोठ्या भूमिका बहुतेक बापाकडून मुलाकडे जातात. बुनराकुत 1972 पासून सरकारी प्रशिक्षणवर्ग आहे, आणि आजच्या कलाकारांपैकी निम्म्याहून अधिक त्यातून आलेले आहेत. शिक्षकाचा मुलगा, शेतकऱ्याचा मुलगा, कुणीही पाय धरायला येऊ शकतो. मुलगा, हे मात्र खरं. या मंचावर आजही फक्त पुरुष आहेत. बायकांसाठी विसाव्या शतकात एकटीने बाहुली चालवायची वेगळी पद्धत उभी राहिली, ओतोमे बुनराकु. त्यावर वेगळा व्हिडिओ करायलाच हवा.

योशिदा मिनोसुके हे नाव लक्षात ठेवा. स्त्री बाहुल्यांचे थोर कलाकार. 1940 मध्ये, वयाची सात वर्षंही पुरी नसताना आले. 1998 मध्ये त्यांना पक्षाघात झाला, तरी परत मंचावर आले, आणि 2021 मध्ये 87 व्या वर्षी निवृत्त झाले.

[पडद्यावर: सोनेझाकी शिंजू. ओहात्सु ओसरीच्या कडेवर बसली आहे.]

आता शेवटी या नाटकातला एक प्रवेश. तोकुबेईवर त्याच्या मित्राने खोटा आळ घेतलाय. ओहात्सुने त्याला आपल्या किमोनोआड लपवून ओसरीखाली बसवलंय. तोच मित्र येऊन वर बसतो आणि तोकुबेईची नालस्ती करायला लागतो. ओहात्सु स्वतःशी पुटपुटल्यासारखं बोलते, पण ते आहे खाली बसलेल्यासाठी: मरायची तयारी आहे का? आणि पायाने विचारते.

स्त्री बाहुलीला पाय नसतात, सुरुवातीलाच सांगितलं. या प्रवेशात असतो. किमोनोच्या काठाखालून एक पांढरं पाऊल बाहेर येतं. अंधारातून तोकुबेई ते हातात घेतो, आणि तिचा घोटा आपल्या गळ्यावरून फिरवतो.

त्या क्षणी सगळं थिएटर तिच्या पायाकडे बघत असतं.