मॅगझिनमधलं हवामान

[दृश्य: टेबलावर क्रोनोग्राफ. त्याच्या तोंडाशी पिस्तूल धरलेले दोन हात.]

हा क्रोनोग्राफ, आणि हे एअरसॉफ्टचं पिस्तूल: गॅसच्या दाबावर प्लास्टिकचे बारीक छर्रे मारणारं, खेळातलं. छर्रा यातून गेला की त्याचा वेग पडद्यावर उमटतो. पहिला छर्रा. थोडं थांबून दुसरा. पुन्हा थांबून तिसरा. आकडे जवळजवळ सारखे.

आता पिस्तूल तेच, गॅस तोच, छर्रे तेच. फक्त बोट थांबत नाही. बघा, आकडा उतरत चाललाय. मघाशी स्लाइडचा, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा आवाज खणखणीत होता, तो आता मऊ झालाय. आणि हे बघा, स्लाइड अर्धवट मागे गेली आणि तिथंच रेंगाळली.

पिस्तूल बिघडलेलं नाही. गॅससुद्धा संपलेला नाही. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी छर्ऱ्यांची आणि गॅसची पेटी, कानाशी धरून हलवलं तर आत द्रव डुचमळताना ऐकू येतो. मॅगझिन गार पडलंय, एवढंच.

एअरसॉफ्टचं पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस आधी मॉडेल बघतो. कुठल्या खऱ्या पिस्तुलासारखं दिसतं, हातात जड लागतं का, स्लाइड धातूची आहे का. हौस आहे, चालायचंच. पण गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलाचं खरं यंत्र मुठीच्या आत, मॅगझिनमध्ये असतं. गॅसची टाकी तिथं, झडप तिथं, दाबही तिथंच. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचारून घ्याव्यात. आपण किती तापमानात खेळणार आहोत? आणि आपल्या आवडत्या पिस्तुलाची स्लाइड कुठला दाब सोसायला बनवली आहे?

[दृश्य: मॅगझिनचा उभा छेद. खाली द्रव, वर बाष्प, मागच्या बाजूला झडप.]

टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्या वर थोडं बाष्प. या बाष्पाचा दाब द्रव किती उरलाय यावर ठरत नाही, तो तापमानावर ठरतो. टाकी भरलेली असो की तळाला गेलेली, तापमान तेच असेल तर दाब तोच. चाप ओढला की घोडा पुढे येतो, झडप क्षणभर उघडते आणि बाष्प बाहेर झेपावतं. त्यातलं काही छर्ऱ्याला नळीतून ढकलतं, उरलेलं स्लाइड मागे फेकतं. हाच ब्लोबॅक.

गेलेल्या बाष्पाची जागा भरायला द्रव उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि मॅगझिनच्या धातूतून ओढून घेतो. ओल्या अंगावर वारा आला की शिरशिरी येते, तसंच. सावकाश खेळलात तर बाहेरच्या हवेतून उष्णता परत मिळत राहते. धडाधड छर्रे सोडलेत तर मिळत नाही. गॅसची मॅगझिनं जड असतात, बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची. ते वजन पट्ट्यावर जाणवतं खरं, पण धातू जितका जास्त तितकी त्यात साठलेली उष्णता जास्त, आणि तितकं मॅगझिन गार पडायला उशीर.

आता गॅस. डब्यांवर रंगांची नावं असतात, हिरवा, लाल, काळा. या नावांना सगळीकडे लागू पडेल असं कुठलंही मानक नाही, त्यामुळे रंगापेक्षा डब्यामागची बारीक अक्षरं वाचावीत. ग्रीन गॅस म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा प्रोपेनच असतो, त्यात थोडं सिलिकॉन तेल मिसळलेलं. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा जुना गडी एचएफसी-134ए, एसी-फ्रीजमधला वायू, तो उकळतो उणे 26 ला. जो जास्त थंडीत उकळतो, त्याचा दाब त्याच तापमानाला जास्त.

[दृश्य: थर्मामीटर, शेजारी दाबाचे दोन काटे.]

हवेचा दाब धरून बोलायचं तर 20 अंशांना प्रोपेनचा दाब सुमारे 8.4 बार भरतो (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाइतका), 134ए चा 5.7. पारा शून्यावर आणा. प्रोपेन 4.7 वर येतो, 134ए 3 च्याही खाली. 30 अंशांना प्रोपेन 10.8 आणि 134ए 7.7. या आकड्यांतच अर्धी निवड होऊन जाते. थंडीत 134ए स्लाइडला धड मागेही ढकलू शकत नाही. उलट कडक उन्हात प्रोपेन इतका जोर लावतो की जे पिस्तूल सकाळी मैदानाने घातलेल्या वेगाच्या मर्यादेत होतं, ते दुपारी मर्यादेबाहेर जाऊ शकतं. वेग मोजायचा तर खेळाच्या वेळेच्या तापमानात मोजावा. सकाळच्या गारव्यातल्या आकड्यावर दुपारी विसंबू नये.

मग दोन गॅस झाले कसे? इथं थोडं जपानला जायला हवं, कारण हा खेळ तिथं वाढला. तिथले बंदुकीचे कायदे कडक. 1971 मध्ये खऱ्यासारख्या दिसणाऱ्या धातूच्या नकली पिस्तुलांवरही बंधनं आली. त्यामुळे जपानी कंपन्यांची पिस्तुलं एबीएस प्लास्टिकच्या स्लाइडची राहिली. हलकी स्लाइड हलवायला कमी दाब पुरतो, म्हणून त्यांचे स्प्रिंग, नोझल आणि झडपा 134ए च्या बेताने आखल्या गेल्या. तोक्यो मारुईचं पिस्तूल हे त्याचं ठळक उदाहरण. आतली नळी आणि हॉप-अप, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणारा भाग, इतके नेटके की खोक्यातून काढलं तसं नेम धरून मारतं. पण त्यात भर उन्हाळ्यात ग्रीन गॅस भरत राहिलात तर मागे आपटणाऱ्या प्लास्टिकच्या स्लाइडला आज ना उद्या तडा जाणार. बाकी बऱ्याच उत्पादकांनी धातूची स्लाइड आणि कडक स्प्रिंग दिले ते ग्रीन गॅस गृहीत धरूनच. तिथं 134ए भरला तर स्लाइड आळसावते.

म्हणून माझ्या मते गॅस खेळाडूने निवडायचा नसतोच. पिस्तूल आणि पारा मिळून तो निवडतात, आपण फक्त डबा उचलायचा.

134ए ची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो सहसा पेटत नाही, हा त्याचा गुण. पण वातावरण तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून भारी पडतो. मॉन्ट्रिअल कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीत अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं. त्यामुळे 152ए सारखे पर्याय पुढे आले. त्याचा दाब 134ए पेक्षा थोडा कमी, हवामानावरचा भारही बराच कमी, पण तो पेटतो. प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊच. मॅगझिन भरताना जवळ सिगारेट, शेगडी, ठिणगी काही नको. शिवाय प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो. भरायचं ते मोकळ्या हवेत.

[दृश्य: 12 ग्रॅमची पोलादी नळकांडी, तळहातावर.]

तिसरा पर्याय सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. 12 ग्रॅमचं हे छोटं नळकांडं, आणि आत 20 अंशांना सुमारे 57 बार. थंडीत बाकीचे गॅस माना टाकतात तेव्हा हा दणकून चालतो. स्लाइडचा झटका असा की नव्या माणसाला दुसरं काही आवडेनासं होतं. पण त्याचं मॅगझिन वेगळं, झडप वेगळी, आणि पिस्तूलही तो मार सोसणारं हवं. आणखी एक मेख म्हणजे साधारण 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत भरलेलं मॅगझिन ठेवणं हे धाडस नव्हे, निव्वळ मूर्खपणा. एकदा टोचलेलं नळकांडं अर्धवट ठेवून आठवडाभर विसरणंही वाईट. ओ-रिंग आणि सील, म्हणजे गॅस अडवणारी रबरं, त्या दाबाखाली फुगतात, मग चिरतात. खेळ संपला की उरलेला गॅस सोडून द्यायचा, वाईट वाटलं तरी.

कडाक्याच्या थंडीत ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी बॅटरीवरची पिस्तुलं आहेत. दिसायला जरा नरम, स्लाइडचा झटका नाही, पण पारा कितीही उतरो, गॅसची कटकट नाही. गॅसचंच हवं असेल तर स्लाइड न हलणारं, नॉन-ब्लोबॅक पिस्तूलही असतं. त्याला गॅस कमी लागतो, म्हणून ते गारही कमी पडतं. चाप मात्र जड.

छर्ऱ्यांकडे वळू. खेळाडू त्यांना बीबी म्हणतात. व्यास 6 मिलिमीटर, वजनं वेगवेगळी. 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 100 मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा बरोबर 1 ज्यूल. 0.25 ग्रॅमला त्याच 1 ज्यूलसाठी सुमारे 89 मीटर पुरतात, 0.30 ला 82. म्हणून नुसता वेग सांगून काही कळत नाही, छर्ऱ्याचं वजनही सांगावं लागतं. जपानमध्ये 2006 पासून मर्यादा 0.98 ज्यूलच्या आसपास आहे. ब्रिटनच्या 2017 च्या कायद्यात सलग छर्रे मारणाऱ्या बंदुकांना 1.3 आणि एकेक मारणाऱ्या बंदुकांना 2.5 ज्यूल. मैदानांचे स्वतःचे आकडे बहुधा याहून कडक असतात.

गॅसच्या पिस्तुलात यात एक खोच आहे. छर्रा जड असला तर तो नळीत जरा जास्त वेळ राहतो आणि तेवढा वेळ गॅस त्याला ढकलत राहतो. त्यामुळे जड छर्रा कधीकधी हलक्यापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. 0.20 ने तपासणी करून 0.30 ने खेळणारा माणूस नकळत नियम मोडत असू शकतो. काही जण कळूनही मोडतात. तपासणी खेळताना वापरणार त्याच छर्ऱ्याने व्हावी.

पिस्तुलासाठी मला 0.25 ते 0.28 ग्रॅम बरे वाटतात. 0.20 वाऱ्यावर भरकटतो. छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारं हॉप-अप जड छर्ऱ्याला जास्त द्यावं लागतं. फिरत्या गोळ्याला हवा कशी उचलते हे 1852 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यांनी दाखवलं होतं. इथं तेच तत्त्व एका छोट्या रबरावर चालतं. त्या रबराला तेल लागलं की फिरकी जाते आणि छर्रे लवकर खाली पडू लागतात. म्हणून सिलिकॉन तेल मॅगझिनच्या सीलला द्या, स्लाइडच्या खाचांना द्या, नळीत मात्र ओतू नका. जमिनीवर पडलेले छर्रे उचलून परत भरू नका, वाळूचा एक कण नळीला ओरखडा काढायला पुरतो.

[दृश्य: गॉगलच्या काचेवरची बारीक खूण, जवळून.]

आणि आता ती वस्तू, जी पिस्तुलाच्या आधी घ्यायला हवी. डोळ्यांचं कवच. दुकानात "सेफ्टी" लिहिलेला कुठलाही चष्मा मिळतो आणि लोक तो लावून मैदानात उतरतात. युरोपच्या ईएन 166 या आता जुन्या झालेल्या मानकात काचेवर 6 मिलिमीटरची, 0.86 ग्रॅम वजनाची पोलादी गोळी मारून बघायचे. काचेवर एफ ही खूण असेल तर ती सेकंदाला 45 मीटर वेगाने मारलेली असते, बी असेल तर 120 मीटरने. हिशेब करा. एफ म्हणजे सुमारे 0.87 ज्यूल. बी म्हणजे 6 ज्यूलच्या वर. तुमचं पिस्तूल 1 ज्यूलचं असेल तर एफ खुणेची चाचणी त्याच्याही खाली राहिली! आणि या मानकात काड्यांच्या चष्म्याला बी मिळतच नसे, ती चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या गॉगलला किंवा फेसशील्डलाच मिळायची. अमेरिकी झेड87 मानकाची खूण बघत असाल तर त्यापुढे अधिकचं चिन्ह आहे ना, ते तपासा.

जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही, म्हणून ते लोकप्रिय आहेत. पण छर्रा जाळीवर फुटला तर त्याचे कण आत येतात, आणि एवढ्याशा कणानेही डोळा जाऊ शकतो. जाळी तोंडासाठी ठेवा, दातांसाठी ती उत्तम. वाफेवर उपाय म्हणजे दुहेरी काच, किंवा छोटा पंखा बसवलेला गॉगल. मैदानात गॉगल कुठल्याही कारणासाठी वर करायचा नाही, वाफ पुसायलाही नाही.

बाकीचं साहित्य थोडक्यात. होल्स्टर कडक, साच्यातला, आपल्याच मॉडेलचा घ्या. कापडी होल्स्टरमधून पळताना पिस्तूल निसटतं. पट्टा जाड हवा, नाहीतर मॅगझिनांच्या वजनाने कंबरेवरून घसरतो. घोट्यापर्यंतचे बूट, पातळ हातमोजे. आणि दुसरं पिस्तूल घेण्यापेक्षा आणखी दोन मॅगझिनं. एक गार पडलं की खिशात, दुसरं हातात. थंडीत ती कोटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावीत. शेगडीवर किंवा गरम पाण्यात शेकू नका.

भरताना मॅगझिन उलटं, त्यावर डबा उलटा, दोन्ही सरळ रेषेत. द्रव परत फसफसू लागला की थांबा. वर बाष्पाला जागा उरली नाही तर पहिल्या काही छर्ऱ्यांबरोबर पांढरा द्रवच बाहेर उडतो. ताजं भरलेलं मॅगझिन भरण्यामुळेच गार झालेलं असतं, त्याला दोन मिनिटं द्या.

घरी गेल्यावर ग्रीन गॅस किंवा 134ए च्या मॅगझिनमध्ये थोडा गॅस राहू द्या. दाबाने सील जागेवर बसून राहतात आणि पुढच्या वेळी गळत नाहीत. सीओटूचं मॅगझिन मात्र रिकामंच ठेवायचं. गॅसचे डबे सावलीत, 50 अंशांच्या खूप खाली, आणि विमानाच्या सामानात कधीच नाही. पिस्तूल बंद पिशवीतून न्यायचं, मॅगझिन वेगळं काढून. रस्त्यावरच्या माणसाला ते खेळणं आहे हे लांबून कळत नाही, पोलिसालाही नाही.